ताऊन, तिजारत आणि शिरगणती

इतिहास म्हटला की आपल्यासमोर लढाया, तह, तख्त आणि ताज उभे राहतात. साथीच्या रोगांना आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींपलीकडे जागा नसते. पुण्याचा प्लेग, रँडचा वध, लोकमान्यांना झालेली शिक्षा एवढे सांगितले की तास संपतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात. ही मुले वेगळेच प्रश्न विचारतात. साथ आली तेव्हा कामावर कोण जात होते? पगार मिळत होता का? मेलेल्यांची नावे कोण लिहून घेत होते? हे प्रश्न बाळबोध नाहीत. खरे तर इतिहासाने हेच प्रश्न आधी विचारायला हवे होते.

आपल्या परंपरेत हे प्रश्न विचारणारा एक मोठा माणूस होऊन गेला. चौदाव्या शतकात जगभर पसरलेल्या ताऊनने ट्युनिसमध्ये इब्ने खल्दूनचे आईवडील हिरावून नेले. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. पुढे त्याने ‘मुकद्दिमा’ लिहिला. एखाद्या शहराची भरभराट तिथल्या सोन्याचांदीवर ठरत नाही, तिथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येवर आणि त्यांच्या कसबावर ठरते, हा त्याचा सिद्धांत. माणसे घटली की हुन्नर घटतात, बाजार ओस पडतात, वाटा बुजतात, असे त्याचे निरीक्षण आहे. अर्थशास्त्राचे ‘निर्देशांक’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, पण शहराची नाडी कुठे पाहायची हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याच नजरेने आपण आपल्या मुंबईकडे पाहू.

सप्टेंबर १८९६. गोदीलगतच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या गर्दीत, गोव्यात जन्मलेले डॉ. आकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या तापाचे खरे नाव उच्चारले : गाठीचा ताऊन, म्हणजेच प्लेग. हाँगकाँगला दोन वर्षांपूर्वी हीच साथ धुमाकूळ घालून गेली होती. मुंबईत व्यापाऱ्यांना आणि सरकारला हे नाव ऐकायचेच नव्हते. कारण उघड होते. मुंबई बंदर होते, आणि बंदरात ताऊन आहे अशी बातमी बाहेर गेली की जगभरची बंदरे आपले दरवाजे लावून घेणार. त्यामुळे रोगाचे नाव घ्यावे की नाही, यावरच पहिला वाद झाला. साथीचा पहिला आकडा हा असा तिजारतीच्या तराजूत तोलला गेला.

सरकारने नाव घेतले नाही तरी लोकांनी ओळखले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातले पावणेचार-चार लाख लोक शहर सोडून गेले, असा तेव्हाचा अंदाज आहे. कोणी रेल्वेने गुजरातेत गेले, कोणी घाटावर, कोणी आगबोटीने कोकणात. दवाखान्यांच्या नोंदी काहीही सांगोत, स्टेशनावरची आणि धक्क्यावरची गर्दी ही त्या दिवसांतली सर्वांत खरी बातमी होती. गावीही सुख नव्हते. १८९६-९७ हे दुष्काळाचेही साल होते. एका बाजूला ताऊन, दुसऱ्या बाजूला महागलेले धान्य, यांच्यामध्ये गरीब माणूस सापडला होता.

दुसरा निर्देशांक गिरणीच्या फाटकावर होता. त्या काळी मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे सत्तर हजार कामगार होते. त्यांच्या पगाराची पद्धत अशी की महिना भरला तरी पगार लगेच मिळत नसे. मागचा पगार थकवून ठेवला की कामगार पळून जात नाही, हा मालकांचा हिशेब. साथीने हा हिशेब उलटा केला. जो माणूस उद्या जिवंत असेल की नाही हे सांगता येत नाही, तो महिन्याअखेरीची वाट कशी पाहणार? कामगारांनी रोजचा पगार रोज मागितला. मालकांना तो द्यावा लागला. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागू लागली. ज्या हातांना काल कोणी विचारत नव्हते, त्या हातांची किंमत त्यांची संख्या घटल्यावर कळली. इब्ने खल्दूनने सांगितलेले सूत्र परळ आणि भायखळ्याच्या रस्त्यांवर असे सिद्ध झाले.

तिसरा निर्देशांक बंदरात होता, आणि तो थेट आपल्या समाजाशी जोडलेला आहे. हिंदुस्थानातून हजला जाण्याचा मुख्य मार्ग मुंबई बंदरातून होता. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. युरोपच्या राष्ट्रांनी ब्रिटिशांवर दडपण आणले, मालावर आणि जहाजांवर निर्बंध आले. त्याच फेब्रुवारीत सरकारने मुंबईहून हजची वाहतूक बंद केली. ज्यांनी आयुष्यभर पै-पै साठवली होती त्यांचा सफर थांबला. पण त्याचबरोबर मुसाफिरखान्यांतली वर्दळ, शिधा विकणारे दुकानदार, सामान वाहणारे हमाल, बोटीवरचे खलाशी, या साऱ्यांची रोजीही थांबली. सरकारी कागदात ही बंदी आरोग्याच्या सदरात आहे. मोहल्ल्याच्या हिशेबात मात्र ती इबादत आणि रोजी अशा दोन्ही सदरांत मांडावी लागते.

आता मृत्यूच्या आकड्यांकडे वळू. मुंबई महापालिका दर आठवड्याला मृत्यूंची नोंद करीत असे, आणि प्रत्येक मृत्यूपुढे कारण लिहिले जाई. साथीच्या महिन्यांत एक विचित्र गोष्ट घडली. प्लेगचे सदर तर वाढलेच, पण त्याबरोबर ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे विकार’ ही सदरेही फुगली. ताप अचानक एवढा जीवघेणा का झाला? उत्तर सोपे आहे. लोक प्लेगचे मृत्यू दुसऱ्या नावाने नोंदवीत होते. कमिशनर स्नो यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनाही हे कळत होते. म्हणून मग दुसरी रीत वापरावी लागली. मागच्या काही वर्षांत याच आठवड्यात सरासरी किती मृत्यू होत, ते पाहायचे, यंदाच्या एकूण मृत्यूंतून ते वजा करायचे, आणि जी बाकी उरेल ती साथीच्या खात्यावर टाकायची. रोगाचे नाव लपवता येते, जनाजा लपवता येत नाही.

पण लोक लपवत का होते? ते अडाणी होते म्हणून, असे उत्तर इंग्रज अधिकाऱ्यांनी दिले आणि आपल्यातल्या सुशिक्षितांनीही पुष्कळदा तेच गिरवले. आम्हाला ते मान्य नाही. ऑक्टोबर १८९६ मध्येच रुग्णांना सक्तीने हलवण्याचे अधिकार महापालिका कमिशनरांना मिळाले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली. तपासणीची पथके घरात शिरू लागली. आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, कौले उतरवायची, भिंतीवर इंग्रजी अक्षरांत ‘यू. एच. एच.’, म्हणजे ‘राहण्यास अयोग्य’, असा शिक्का मारायचा, ही कामाची पद्धत. रेल्वे स्टेशनांवर बायकांचीही तपासणी होई. मय्यत तपासल्याशिवाय दफन करू द्यायचे नाही असा नियम झाला. अशा वेळी एक नाव नोंदवणे म्हणजे अख्खे घर नोंदवणे होते. नोंद झाली की घर गेले, पर्दा गेला, रोजी गेली. मग नोंद कोण करणार? इस्पितळात माणसाच्या शरीरातून मोमियाई काढतात, अशी अफवा तेव्हा शहरभर होती. अफवा खोटीच होती, पण तिच्या मुळाशी असलेली भीती खरी होती. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, हे लोक डोळ्यांनी पाहत होते.

ही भीती फक्त मुसलमानांची होती असेही नाही. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या हजारभर जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर कमिशनरांनी सक्ती काहीशी सैल केली. त्यामागे आणखी एक हिशेब होता. शहरातले हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे सफाई कामगार, भीतीने निघून गेले तर आठवडाभरात मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. ज्यांना सार्वजनिक जीवनात उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यांच्याच हातावर सारे सार्वजनिक जीवन उभे होते, ही कबुली प्लेगने सरकारी कागदावर लिहून घेतली.

मग ९ मार्च १८९८ उजाडला. मदनपुरा, रिपन रोड. इथे उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर राहत. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘जुलाहे’ असा येतो. एका घरात बारा वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली आहे, असे तपासणी पथकाला कळले. पथक तिला नेण्यासाठी आले, घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगड आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली. दोन्ही बाजूंना माणसे मेली. त्यानंतर गोदी कामगार आणि गाडीवाले यांनी काम थांबवले आणि बंदराचा व्यवहार ठप्प झाला. ज्या तिजारतीला वाचवण्यासाठी हा सारा बंदोबस्त चालला होता, ती तिजारतच त्या बंदोबस्ताने अडवली.

या घटनेला ‘मुसलमानांची दंगल’ म्हणून सोडून देणे सोयीचे आहे. पण पुण्यात काय झाले ते आठवावे. तिथेही रँडच्या कारभाराने लोक पेटले आणि २२ जून १८९७ रोजी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. धर्म वेगवेगळे, शहरे वेगवेगळी, पण घराच्या उंबऱ्यावर आलेल्या बुटांचा आवाज एकच होता. त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. आजारी माणसाला उचलून नेण्याच्या दोन रीती होत्या. एका रीतीला लोकांनी दगड मारले, दुसरीला आजही सलाम करतात.

सरकारही अनुभवाने शिकले. गेटॅकर यांच्या काळातच निरनिराळ्या जमातींना स्वतःची इस्पितळे उघडायला परवानगी मिळाली होती. तिथे आपल्याच जमातीचे लोक शुश्रूषेला असत, आपले अन्न मिळे, बायकांचा पर्दा सांभाळला जाई. जिथे आपला माणूस दारात उभा होता तिथे रुग्ण पाठवायला लोक तयार झाले. दुसरे उदाहरण लसीचे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष ती टोचून घेतली. त्यानंतर खोजा जमातीतले हजारो लोक स्वेच्छेने पुढे आले. हुकूम जे करू शकला नाही ते एका विश्वासू माणसाच्या उघड्या दंडाने केले. अर्थात विश्वास ही नाजूक चीज आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी दूषित बाटलीतली लस टोचून १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन पुढे निर्दोष ठरले, पण त्याला पाच वर्षे गेली, आणि तोवर गावोगाव लोकांनी दंड मागे घेतले होते.

आणि शहराचे काय झाले? सरकारने १८९८ मध्ये कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्यांतून हवा खेळावी, रुंद रस्ते व्हावेत, हा हेतू. नागपाडा त्याच्या पहिल्या योजनांपैकी एक. आज ज्याला आपण मोहम्मद अली रोड म्हणतो तो, पूर्वीचा सिडनहॅम रोड, याच ट्रस्टची देणगी. रमजानच्या रात्री त्या रस्त्याची रौनक पाहताना त्याची सुरुवात ताऊनपासून झाली हे कोणाला आठवते? ट्रस्टने रस्ते दिले हे खरे. पण सुरुवातीच्या वर्षांत जितकी गरिबांची घरे पाडली तितकी बांधली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. कागदावर सुधारणा दिसली. गर्दी मात्र एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली, एवढेच.

१ मार्च १९०१ रोजी, साथ पुरती सरलेली नसताना, शिरगणती झाली. मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी पंचेचाळीस हजारांनी घट. साथीच्या दिवसांतली ही गणना शहराचे नेहमीचे चित्र देत नाही, असे वाटल्यामुळे १९०६ मध्ये शहराची वेगळी मोजदाद केली. तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या वर गेला होता. परक्या सरकारची नियत काहीही असो, ताऊनच्या दिवसांतही त्याने माणसे मोजणे सोडले नाही, हे नोंदवायला हवे.

आता आपल्या काळाकडे येऊ. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांची खडखड थांबली. १२३ वर्षांपूर्वीचा तोच साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचे प्रथम जाहीर झाले. एप्रिलचा जीएसटी सुमारे ३२ हजार कोटींवर आला. आदल्या वर्षी तो लाखावर कोटी होता. हे आकडे भयंकर आहेत, तरी ते पूर्ण नाहीत. तिमाहीचा अंदाज करताना मोठ्या कंपन्यांचे हिशेब हाताशी असतात. चार मागांचा मालक, तागा दुमडणारी बाई, कांडी भरणारा पोरगा, हातगाडीवाला यांचे हिशेब कुठल्याही मेजावर येत नाहीत. मोठ्यांच्या घसरणीवरून छोट्यांची घसरण ताडली जाते. आमच्याकडे ती ताडावी लागली नाही. ऐकू आली. जिथे रात्रंदिवस मागांचा आवाज असतो तिथे शांतता हाच निर्देशांक होता.

हजचा दरवाजा पुन्हा बंद झाला. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे भारतातून हजला कोणी जाऊ शकले नाही. मय्यतीचा प्रश्नही पुन्हा उभा राहिला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते मागे घेतले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने दफनाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. १८९८ मध्ये आपल्या लोकांपाशी दगड होते, २०२० मध्ये अर्ज, निवेदन आणि न्यायालय होते. हा फरक लहान नाही. तो शिक्षणाने आणि संविधानाने दिलेला आहे.

त्या वर्षी आम्हा शिक्षकांच्या हातात खडूऐवजी तापमापक आणि नोंदवही आली. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आम्ही घरोघर फिरू लागलो. दार उघडले की पहिला प्रश्न येई, “मास्तर, नाव कशाला लिहिता?” आदल्या हिवाळ्यातला नागरिकत्वाचा वाद अजून ताजा होता. वहीत नाव गेले की ते कुठे जाईल, ही शंका प्रत्येक दारात उभी होती. काही घरांत खोकल्याचा आवाज येई आणि घरचे म्हणत, “सगळे तब्येतीने ठीक आहेत.” पण जिथे मुलगा आमच्या वर्गात होता तिथे आई आतून खुर्ची आणून देई, आणि आजारी माणसाचे नाव आपणहून सांगे. वही तीच, रकाने तेच. फरक होता तो ओळखीचा. मदनपुऱ्याच्या त्या घरात ९ मार्चला ओळखीचा एक माणूस पुढे असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

मोजदादीची गोष्ट याहून मोठी आहे. २०२१ च्या अखेरीस भारतात कोरोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये, नेहमीचे मृत्यू वजा करण्याची तीच जुनी रीत वापरून, दोन वर्षांतले जादा मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. सरकारने त्या रीतीवर आक्षेप घेतला. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते आपल्या महाराष्ट्रातच. त्याच सप्टेंबरात संसदेत विचारले गेले, गावी परतताना किती मजूर मेले? उत्तर मिळाले की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी शिरगणती २०२१ मध्ये झालीच नाही. ती २०२७ साठी ठरल्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. प्लेगच्या ऐन दिवसांत जे काम थांबले नव्हते, ते या वेळी थांबले.

यातून आम्ही काय शिकावे? आकडा हा निव्वळ गणिताचा विषय नाही, तो विश्वासाचा हिशेब आहे. सरकारने नोंदीला शिक्षा जोडली की लोक नोंद चुकवतात, आणि चुकलेल्या नोंदीवर उभे राहिलेले धोरण पुन्हा त्याच लोकांच्या पाठीवर बसते. ही सरकारची जबाबदारी झाली. पण आपल्याही बाजूला काही काम आहे. जो मोजला गेला नाही त्याच्या वाट्याचे धान्य, शाळा, दवाखाना, भरपाई यातले काहीही कागदावर येत नाही. शिरगणतीचा माणूस दारात आला तर दार लावून घेणे परवडणारे नाही. काय लिहिता, कशासाठी लिहिता हे जरूर विचारावे, आणि मग घरातल्या प्रत्येकाचे, अगदी आजारी म्हातारीचे आणि आठ दिवसांच्या बाळाचेही, नाव नीट लिहून द्यावे. आपल्या प्रत्येक कब्रस्तानात नोंदवही असते. तीत तारीख, वय, धंदा आणि मृत्यूचे कारण एवढे चार रकाने जरी न चुकता भरले गेले, तर पुढच्या साथीत कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

मदनपुऱ्याच्या त्या बारा वर्षांच्या मुलीचे नाव आम्हाला इतिहासाच्या पुस्तकांत सापडले नाही. तिच्यामुळे शहर पेटले, बंदर थांबले, धोरण बदलले, आणि पुस्तकांत ती ‘एक मुलगी’ म्हणूनच राहिली. निदान आपल्या वह्यांत तरी माणसे नावानिशी राहावीत.